मतदानाची रांग आणि सम्यक् वाचा

मतदानाच्या दिवशी रांगेत उभे असताना पुढच्या-मागच्या अनोळखी माणसाशी बोलावे की न बोलावे, आणि बोलावे तर काय, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. धम्माच्या पाक्षिकात त्याला जागा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु धम्म हा विहारात वंदना घेताना पाळायचा आणि बाहेर पडताच विसरायचा असा नसतो. एकाकी माणसाला धम्मावाचून चालेल, पण माणसाचा माणसाशी संबंध आला की धम्मावाचून चालणार नाही, असा विचार परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडला आहे. मतदानाच्या रांगेत तर शंभर-दोनशे माणसे तासन् तास एकमेकांच्या पुढे-मागे उभी असतात. तेथे धम्म लागत नसेल तर लागणार तरी कोठे?

ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न अधिकच खरा आहे. रांगेत कोणीतरी ‘रामराम’ घालते. कोणी नाव विचारते, कोणी गाव विचारते, आणि मग हळूच आडनावावर येते. कोणी खालच्या आवाजात ‘यंदा कुणाला?’ म्हणते. या साध्या प्रश्नांना उत्तर देताना आपले शील पणाला लागते. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू.

प्रथम ही रांग म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. आपल्या देशात माणसे एकत्र येण्याच्या जागा पुष्कळ होत्या. पाणवठा होता, देऊळ होते, पंगत होती, चावडी होती. पण त्या प्रत्येक ठिकाणी कोणी कोठे उभे राहायचे हे जन्माने ठरलेले होते. आपल्या वाडवडिलांना तर तेथे उभेच राहता येत नव्हते. त्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह करावा लागला. मतदानाची रांग मात्र वेगळी आहे. तेथे जो आधी आला तो पुढे, जो नंतर आला तो मागे. पाटील नंतर आला तर त्याने मजुराच्या मागे उभे राहायचे. कोणाला पुढे जाऊ द्यायचे असेल तर ते वृद्धाला, अपंगाला, गरोदर स्त्रीला, म्हणजे ज्याची गरज मोठी त्याला. ज्याची जात मोठी त्याला नव्हे. मतदानाची वेळ संपते त्या क्षणी जे रांगेत असतील त्या सर्वांना मत देता येते. त्यासाठी केंद्राध्यक्ष रांगेतल्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो आणि चिठ्ठ्यांची सुरुवात शेपटाकडून होते. पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला मिळते. हेतू एवढाच की त्याच्या मागे आता कोणी घुसू नये. पण शेवटच्या माणसापासून मोजायला सुरुवात करणारी अशी व्यवस्था आपल्या गावगाड्यात कधी होती काय?

ही रांग आपोआप उभी राहिलेली नाही. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्या काळी मत हे मालमत्ता असणाऱ्याचे, कर भरणाऱ्याचे, शिकलेल्याचे होते. भूमिहीन मजुराने मत द्यावे ही गोष्ट पुष्कळांना हास्यास्पद वाटत होती. पुढे संविधानाच्या ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कोणालाही मतदार यादीबाहेर ठेवता येणार नाही असे ठरविले आणि ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. तेव्हा वयाची अट २१ वर्षांची होती. १९८९ पासून ती १८ झाली. अशा रीतीने गावकुसाबाहेरचा माणूस गावकुसातल्या माणसाच्या पुढे उभा राहिला.

धम्माच्या इतिहासात अशी एक रांग आपल्याला फार पूर्वी दिसते. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय वगैरे शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनी भगवंतांना विनंती केली की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे तो आमच्याहून ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्य कुळाचा ताठा उतरेल. भगवंतांनी तसेच केले. संघात ज्येष्ठता जन्मावर नव्हती. जो आधी आला तो ज्येष्ठ. मतदानाच्या रांगेचा नियम हा संघाच्या नियमाचा दूरचा नातेवाईक आहे असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

परंतु येथेच खरा प्रश्न सुरू होतो. राजपुत्रांनी उपालीला नुसते पुढे उभे केले नाही. त्यांनी त्याला वंदन केले. आपली रांग माणसांना शेजारी उभे करते, पण त्यांना एकमेकांशी बोलायला लावू शकत नाही. ते कोणत्याही कायद्याच्या हातात नाही. १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की माणसे केवळ जवळ जवळ राहिली म्हणून त्यांचा समाज बनत नाही. त्यांच्यात काहीतरी समाईक असावे लागते, आणि ते परस्परांशी विचारांची देवाणघेवाण केल्यावाचून निर्माण होत नाही. जातीने नेमकी हीच देवाणघेवाण तोडली. एकाच गावात हजार वर्षे राहूनही माणसे एकमेकांना अनोळखी राहिली. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलताना त्यांनी इशारा दिला की राजकारणात प्रत्येकाच्या मताची किंमत सारखी असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता कायम राहील, आणि ही विसंगती फार काळ चालू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या ठरतील, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवर स्पष्ट केले होते.

तेव्हा असे म्हणता येईल की मतदानाच्या रांगेत समता संविधानाने दिली आहे. बंधुता मात्र आपण आणायची आहे, आणि तिची सुरुवात बोलण्यापासून होते.

यावर आपल्यापैकी अनेकजण चिडून विचारतील, आणि त्यांचे चिडणे अन्यायाचे नाही, की ज्यांनी आमच्या सावलीचा विटाळ मानला त्यांच्याशी आम्ही आधी का बोलावे? बोलायचे असेल तर त्यांनी बोलावे. या आक्षेपाला टाळून पुढे जाता येणार नाही. ज्याने अपमान सोसला त्याच्याकडे कोणी गोड बोलण्याची मागणी करू शकत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, पूर्वी आपण बोलत होतो ते काहीतरी मागण्यासाठी. भाकरी, काम, पाणी. मागणारा खाली उभा असतो. मतदानाच्या रांगेत आपल्याला शेजाऱ्याकडून काहीच मागायचे नसते. त्याच्या खिशात जे एक मत आहे तेच आपल्या खिशात आहे. तेथे आपण आधी बोललो तर ती लाचारी नसते. ते बरोबरीच्या माणसाचे बोलणे असते. दुसरी गोष्ट संख्येची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर लोकांनी आपला धर्म बौद्ध लिहिला. म्हणजे शंभरात सुमारे सहा. शंभर माणसांच्या रांगेत सहाजणांनी आपापसांतच बोलायचे ठरविले तर उरलेल्या चौऱ्याण्णवांना धम्म कधी दिसणार? आपण ‘प्रबुद्ध भारत’ म्हणतो. तो सहाजणांचा होणार नाही.

मात्र यालाही मर्यादा आहे. समोरचा अपमानच करीत असेल तर बोलणे थांबवावे. तेथे मौन हेच शील. आणि कोणी धमकावीत असेल तर ते सोसण्याचे कारण नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला अमक्यालाच मत दे किंवा मत देऊ नको म्हणून धाक दाखविणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. १९९० पासून अनुसूचित जातींच्या व्याख्येत बौद्धांचाही समावेश असल्याने या कायद्याचे संरक्षण आपल्यालाही आहे.

आता अनोळखी माणसाशी बोलावे कसे, हे पाहू. यासाठी ‘मज्झिम निकाया’तील एक कथा फार उपयोगी आहे. भगवान बुद्ध एकदा राजगृहात भग्गव नावाच्या कुंभाराच्या शाळेत एक रात्र राहण्यासाठी गेले. तेथे पुक्कुसाती नावाचा एक तरुण आधीच उतरला होता. भगवंतांनी त्याला विचारले, तुमची हरकत नसेल तर मी येथे राहू काय? त्याने आनंदाने जागा दिली. बराच वेळ दोघेही शांत बसले. मग त्याची शांत बैठक पाहून भगवंतांनी विचारपूस केली, की तुम्ही कोणाला गुरू मानून घर सोडले? तो म्हणाला, श्रमण गोतमाला. त्यांना कधी पाहिले आहे का? नाही, पाहिले तर ओळखणारही नाही. भगवंतांनी ‘तो मीच’ असे सांगून त्याला चकित केले नाही. आधी ऐकून घेतले, मग त्याला उपयोगी पडेल ते सांगितले. ते ऐकता ऐकताच पुक्कुसातीने समोर कोण बसले आहे ते ओळखले.

या कथेत आपल्याला तीन गोष्टी मिळतात. जो आधी आला आहे त्याचा मान राखावा. स्वतःची ओळख मिरवण्यापूर्वी समोरच्याची विचारपूस करावी. आणि माणसाची ओळख त्याच्या बोलण्यावरून पटू द्यावी. ज्याचे बोलणे सरळ, त्याचा धम्म सांगावा लागत नाही.

काहीजण म्हणतील, पण वायफळ बडबड ही सम्यक् वाचेच्या विरुद्ध आहे ना? आहे. पण शेजारच्या म्हाताऱ्याला ‘बाबा, केव्हापासून उभे आहात, सावलीत बसता का, मी तुमची जागा राखतो’ असे म्हणणे ही बडबड नव्हे. लांबून आलेल्या भिक्षूला स्वतः भगवंत विचारीत असत, की प्रवासात त्रास तर झाला नाही ना, प्रकृती ठीक आहे ना? बोलणे चांगले ठरण्यासाठी त्यांनी पाच कसोट्या सांगितल्या: ते योग्य वेळी असावे, खरे असावे, सौम्य असावे, हिताचे असावे आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेले असावे. या पाच कसोट्या हाताच्या पाच बोटांवर मोजता येतात. डाव्या तर्जनीला शाई लागण्यापूर्वी त्या एकदा मोजून पाहाव्यात. गावच्या शाळेला मास्तर नाही, नळाला पाणी दोन दिवसांआड येते, रेशनवर धान्य वेळेवर मिळत नाही, एस.टी. गावात येईनाशी झाली, हे रांगेतल्या प्रत्येकाचे दुःख आहे. त्यावर बोलावे. अमक्या उमेदवाराला मत द्या असा प्रचार तेथे करू नये; मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत त्याला कायद्याने मनाई आहे. आणि तो नसला म्हणजेच माणसे माणसांसारखी बोलू शकतात.

आता अवघड प्रसंग घेऊ. कोणी ‘रामराम पाव्हणं’ म्हणाले तर? आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. रामाला देव मानणार नाही ही त्यांतली एक आहे. म्हणून काहीजण तोंड फिरवतात, तर काहीजण भिडेखातर ‘रामराम’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही योग्य नाही. त्या माणसाने आपली कसोटी घेतलेली नसते. त्याने त्याच्या रीतीने आपल्याला माणूस म्हणून हाक दिलेली असते. आपण आपल्या रीतीने ‘जय भीम’ म्हणावे, हसून म्हणावे, तोंडावर फेकल्यासारखे म्हणू नये. त्याच्या सद्भावनेला उत्तर मिळते आणि आपली प्रतिज्ञाही राहते.

मग तो विचारतो, ‘आडनाव काय?’ आपण सांगतो. ‘म्हंजी कोण तुम्ही?’ आपण म्हणतो, ‘बौद्ध.’ ‘ते झालं, पण मूळचे कोण?’ येथे छातीत धस्स होते, हे खरे आहे. शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून कित्येकांना आडनाव लपवावे लागते. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही; दोष खोली नाकारणाऱ्याचा आहे. पण मतदानाच्या रांगेत लपवण्याचे कारण काय? आपले नाव मतदार यादीत छापलेले आहे. तेथून आपल्याला कोणी हाकलू शकत नाही. खरे बोलण्याची सवय लावायला याहून सुरक्षित जागा कोणती? म्हणून सरळ सांगावे, ‘दादा, माझ्या घरच्यांना ज्या जातीच्या नावाने गावाबाहेर ठेवले होते ती आम्ही सोडली. आता बौद्ध आहोत.’ एवढे पुरे. वाद घालू नये, ओशाळूही नये. आणि हाच प्रश्न आपणही कोणाला विचारू नये. रांगेत मातंग असतील, चर्मकार असतील, वाल्मीकी, आदिवासी, भटके-विमुक्त, मुसलमान असतील. त्यांच्या आडनावाची चौकशी करण्याची खोड आपल्यातही शिल्लक आहे. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा घेतल्यावर ती राहता कामा नये.

दुसरा अवघड प्रश्न मताचा. ज्याच्या शेतावर कामाला जायचे तोच मागे उभा राहून विचारतो, ‘आपल्यालाच ना?’ भीतीपोटी माणूस ‘हो’ म्हणतो आणि आत जाऊन मनासारखे करतो. मग घरी आल्यावर मनाला बोचते, की मी खोटे बोललो, माझे शील मोडले. काहींना तर वाटते की मत लपविणे हेच खोटेपणाचे आहे. हा गैरसमज आहे. विनयपिटकात संघाने मते कशी घ्यावीत याचे नियम आहेत. वेगवेगळ्या रंगांच्या शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेत. त्याचे तीन प्रकार होते: गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त पद्धतीत शलाका वाटणारा भिक्षू प्रत्येकाला सांगे, ही या मताची, ती त्या मताची, हवी ती घ्या. आणि घेतल्यावर सांगे, ही कोणाला दाखवू नका. आपल्या मनाने निवडता यावे म्हणून संघानेच मत झाकून ठेवण्यास सांगितले. आपल्या लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यातही कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही.

म्हणजे न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे. ‘मत गुप्त असतं मालक, ते सांगायचं नसतं’ हे वाक्य पूर्णपणे खरे आहे. ते बोलायला धीर लागतो, हे मान्य. एकट्या घराने बोलणे अवघड. वस्तीतल्या सर्वांनी हेच उत्तर द्यायचे ठरविले तर सोपे. ज्याचे पोट दुसऱ्याच्या हातात आहे त्याच्या तोंडून भीतीने ‘हो’ गेले, तर त्यातला मोठा वाटा भीती घालणाऱ्याचा आहे. पण लोभ, द्वेष, अज्ञान आणि भय या चार वाटांनी चालू नये असे भगवंतांनी सिगाल या गृहस्थाला सांगितले होते; मत देताना आणि मताविषयी बोलताना त्यांतली चौथी वाट आपल्याला सर्वांत जास्त ओढते, हे ओळखून वस्तीने मिळून तयारी केली पाहिजे. थोडक्यात नियम असा: मत गुप्त ठेवावे, स्वतःला गुप्त ठेवू नये.

आता भगिनींविषयी. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. यातल्या बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या. आज स्त्रियांची रांग वेगळी असते आणि तेथे बोलणे लवकर सुरू होते. लेकरू कडेवर असते, ऊन असते. २०२४ ची लोकसभा निवडणूक महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे अशी पाच टप्प्यांत झाली. ते दिवस कसे असतात हे सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी आपल्या भगिनीने शेजारणीपुढे पाण्याची बाटली करावी. तिने घेतली तर चवदार तळ्याचा अर्थ एका घोटाने पुढे गेला. तिने न घेतली तर वाईट वाटेल; वाटू द्यावे, पण बाटली लपवू नये. तिच्या लेकराला तहान लागेल तेव्हा पुन्हा पुढे करावी. आणि कोणी नाव विचारले तर नवऱ्याच्या नावाआधी आपले नाव सांगावे.

कोणी म्हणेल, दोन घटकांच्या गप्पांनी जात मोडते काय? मोडत नाही. जात मोडायला शिक्षण, जमीन, रोजगार आणि आंतरजातीय विवाह लागतात. बाबासाहेबांनी त्याचे मार्ग सांगितलेच आहेत. पण ज्याच्याशी आपण कधी बोललोच नाही, त्याच्याविषयी काहीही खरे मानता येते. गावात दंगल पेटविणारा नेहमी अशाच न बोललेल्या माणसांवर भिस्त ठेवतो. ज्याने आपल्याबरोबर दोन तास उन्हात काढले, ज्याची जागा आपण राखली, ज्याने आपल्या लेकराला सावलीत घेतले, त्याच्या कानात विष ओतणे तितके सोपे राहत नाही. एवढे जरी साधले तरी सम्यक् वाचेने आपले काम केले.

म्हणून पुढच्या निवडणुकीच्या आधी प्रत्येक बौद्ध कुटुंबाने एका संध्याकाळी वंदनेनंतर बसून या गोष्टी बोलाव्यात. ज्या मुलामुलींना १८ वर्षे पूर्ण होऊन प्रथमच मत द्यायचे आहे, त्यांना यादीत नाव कसे पाहायचे, मत कसे द्यायचे हे शिकवावेच. पण शेजारच्या माणसाशी काय बोलायचे हेही शिकवावे. ‘मूळचे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर घरात दोनदा मोठ्याने म्हणून पाहावे. मालकाने विचारले तर काय सांगायचे ते वस्तीत ठरवावे. आणि निघताना पाण्याची एक बाटली जास्तीची घ्यावी.